रिम आत घासेल की बाहेर? ऑफसेट आणि बॅकस्पेसिंगचा हिशेब

(टेबलावर एक मोकळी रिम, शेजारी मेजर टेप)

"पीसीडी जुळतोय ना, मग बसणार!" अलॉयच्या दुकानात हे ऐकलंत की पैसे काढायच्या आधी थांबा. पीसीडी म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. तो जुळला म्हणजे नट लागतील, एवढंच. चाक आत सस्पेन्शनला घासेल की बाहेर मडगार्डला, हे कळायला ऑफसेट आणि रिमची रुंदी दोन्ही लागतात. आपण विचारतो फक्त ऑफसेट, आणि तिथेच फसतो.

उदाहरणाला मारुती सुझुकीची जिमनी घेऊ. शोरूममधून बाहेर पडल्या पडल्या जिची चाकं बदलायचे बेत सुरू होतात, अशी ही गाडी. कंपनीची रिम 15 इंची, रुंदी 5.5 जे (म्हणजे 5.5 इंच), ऑफसेट अधिक 5 मिलिमीटर. टायर 195/80 आर 15, यातले 195 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये.

(रिम आडवी धरून) रुंदीच्या बरोबर मधून एक रेषा काढली असं समजा, ही मध्यरेषा. आणि मागचा हा सपाट भाग हबला, म्हणजे गाडीवर चाक जिथे नटांनी बसतं त्या भागाला टेकतो, तो माउंटिंग फेस. या दोघांमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. फेस मध्यरेषेपेक्षा रस्त्याच्या बाजूला असेल तर पॉझिटिव्ह, चाक गाडीच्या आत जातं. फेस गाडीच्या बाजूला असेल तर निगेटिव्ह, चाक बाहेर येतं. रिमवर ईटी लिहून पुढे जो आकडा असतो, तो हाच.

बॅकस्पेसिंग ही अमेरिकेतल्या फोर बाय फोरवाल्यांची आवडती मोजणी, तीही इंचात. मला स्वतःला ती जास्त पटते, कारण रिमवर काही छापलेलं नसलं तरी ती काढता येते. बघा. (रिम पालथी ठेवून) मागच्या कडेवर आडवी सरळ पट्टी ठेवायची, आणि पट्टीपासून माउंटिंग फेसपर्यंत टेप सोडायचा. आला आकडा. टायर चढवलेला असेल तर पट्टी टायरवर नको, रिमच्या कडेवरच टेकली पाहिजे.

आता एक खोच. 5.5 ही रुंदी टायर जिथे बसतो त्या आतल्या जागेची. दोन्हीकडच्या कडा धरल्या की साधारण एक इंच वाढतो, म्हणजे एकूण 6.5. त्याचं अर्धं सव्वातीन इंच, म्हणजे 82.5 मिलिमीटर. त्यात ऑफसेटचे 5 मिळवा, झाले 87.5. बॅकस्पेसिंग जवळपास साडेतीन इंच. हिशेब आणि टेप जुळत नसेल तर बहुतेक वेळा हाच एक इंच विसरलेला असतो.

आता दुकानदार दाखवतो 15 इंची, 7 जे, ऑफसेट उणे 10. उणे म्हटल्यावर वाटतं, चला, आत जागा मोकळी झाली. मोजू या. एकूण रुंदी 8 इंच, अर्धे 4 इंच, म्हणजे 101.6. त्यातून 10 गेले, उरले 91.6. म्हणजे आतली कड मूळ रिमपेक्षा 4 मिलिमीटर आणखी आत गेली! आणि बाहेरची कड तब्बल 34 मिलिमीटर बाहेर. ऑफसेटने मध्यरेषा 15 बाहेर ढकलली, पण वाढलेली रुंदी दोन्हीकडे 19-19 पसरली.

टायरचा हिशेब वेगळा करायचा. त्यावर 235 चा टायर चढवलात तर अर्धी रुंदी 20 ने वाढते, मध्यरेषा 15 बाहेर गेलेली, म्हणजे टायरचा गाल (बाजूची भिंत) आतल्या बाजूला 5 आणि बाहेरच्या बाजूला 35 मिलिमीटर सरकतो. रुंद रिमवर तो थोडा आणखी फुगतो. जिमनीत स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मोठा टायर सस्पेन्शनच्या पुढच्या आर्मला लागायला वेळ लागत नाही. सरळ चालवताना आवाजही येणार नाही, यू-टर्नला येईल.

बाहेर आलेलं चाक दिसतं दणकट, मान्य. पण मध्यरेषा जितकी बाहेर, तितका बेअरिंगवर ताण जास्त आणि खड्ड्यात स्टिअरिंगला हिसका जास्त. पावसाळ्यात दारावर चिखल, तो वेगळा. हब आणि रिमच्या मध्ये 25 मिलिमीटरचा स्पेसर (जाड चकती) टाकला की अधिक 5 चा ऑफसेट उणे 20 होतो, त्यामुळे "रिम तर कंपनीचीच आहे" या बोलण्याला अर्थ उरत नाही. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरफारांबद्दलच आहे, ते एकदा वाचून ठेवा.

खरेदीच्या आधी एकच आग्रह धरा. टायर न चढवता मोकळी रिम पुढच्या हबवर लावून हाताने फिरवून बघू द्या म्हणावं. स्पोक ब्रेक कॅलिपरला लागतो का, हे ऑफसेटही सांगत नाही आणि बॅकस्पेसिंगही नाही, ते स्पोकच्या आकारावर असतं. मग स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून रिमच्या आतल्या कडेपासून सगळ्यात जवळच्या पार्टपर्यंत टेप लावा आणि त्या जागेत टायरचा गाल मावतो का ते बघा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. एकदा टायर चढवला की ती रिम परत घ्यायला बहुतेक जण तयार होत नाहीत.