दीड मिनिटात संपणारी डबी

[दृश्य: सॅन फ्रान्सिस्कोतला रस्ता, कृष्णधवल]

किडकिडीत अंगाचा, भाबड्या चेहऱ्याचा हा माणूस म्हणजे टेलर मीड. सोबत एक टेडी बेअर. चित्रपट आहे दिग्दर्शक रॉन राइसचा 'द फ्लॉवर थीफ', १९६०. मीड शहरभर भटकतो, गोष्ट म्हणावी अशी नाहीच.

राइसच्या खिशात पैसे नव्हते. त्याने मिळवली दुसऱ्या महायुद्धातून उरलेली फिल्म. लढाऊ विमानातल्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली, गोळी लागली की हुकली हे टिपणारी. एकेक डबी ५० फुटांची. १६ मिलिमीटरची एवढी फिल्म नेहमीच्या वेगाने चालवली, तर ८३ सेकंदांत संपते. नट रंगात आला, काही भन्नाट सुचलं, की कॅमेरा बंद! शॉट कितीही रंगला तरी तो डबीपेक्षा लांबणार कसा?

अशा बिनपैशाच्या सिनेमांची भुरळ पडते ती इथे. पुढे काय करायचं हे मीडला ठाऊक नाही, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. तो अडखळतो, इकडेतिकडे बघतो, मग काहीतरी सापडतं. कधीकधी सापडतच नाही. खरं सांगायचं तर मधला बराच भाग रटाळ आहे, आणि तो रटाळपणा सोसल्याशिवाय ते सापडणंही कळत नाही.

[दृश्य: फिरती तबकडी]

न्यू यॉर्कमध्ये केन जेकब्जने 'लिटल स्टॅब्ज ॲट हॅपिनेस' करताना रिळं जशी कॅमेऱ्यातून निघाली तशीच जोडली, फसलेल्या जागांसकट. १०० फुटांचं रीळ आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरचं गाणं साधारण सारखंच चालतं, म्हणून संगीताचा प्रश्नही सुटला. जुगाड म्हणा हवं तर!

या सिनेमात नाचणारा-बागडणारा जॅक स्मिथ. १९६२च्या उन्हाळ्यात त्याने एका जुन्या थिएटरच्या गच्चीवर, मुदत संपलेल्या फिल्मवर 'फ्लेमिंग क्रीचर्स' चित्रित केला. चित्र पांढुरकं, विरलेलं. भूकंप हवा होता, तर कॅमेराच गदागदा हलवला. नट बहुतेक मित्रमंडळीच, नटूनथटून एकमेकांच्या अंगावर कोसळणारी.

मार्च १९६४मध्ये पोलिसांनी 'फ्लेमिंग क्रीचर्स'चा खेळ बंद पाडला, अश्लीलतेच्या आरोपावरून फिल्म जप्त केली. खेळ लावणाऱ्या जोनास मेकस आणि जेकब्जला अटक झाली, शिक्षाही सुनावली गेली, मात्र ती स्थगित ठेवून.