काळ्या मातीचं कौतुक पुरे

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘वस्तीतली पालेभाजी, बारा महिने’. त्याकडे येतोच, पण आधी मातीवर बोलू द्या. प्रयोग परिवारवाल्या श्रीपाद दाभोलकरांचं दहा गुंठ्यांत घर भागवायचं गणित तुम्हाला पाठ आहे. आपल्याकडे दहा फुटांची गच्ची आणि भाजी लावायला टोमॅटोचे रिकामे क्रेट आहेत, म्हणून मातीत चूक परवडत नाही.

नाशिककराला काळ्या मातीचा भारी अभिमान. शेतात तो रास्त. क्रेटमध्ये तीच माती घात करते. ती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. टोमॅटोच्या क्रेटला खोली जेमतेम फूटभर. माती कडेपासून सुटते, घातलेलं पाणी त्या फटीतून थेट गच्चीवर, मधला गड्डा कोरडा ठणठणीत. आणि आपण म्हणतो, रोज पाणी घालूनही मेथी का सुकते? पावसाळ्यात उलटं: चिखल घट्ट बसतो, मुळांना हवा मिळत नाही, रोपं बुडाशी कुजतात.

म्हणून माती एक हिस्साच. दुसरा हिस्सा कुजलेलं शेणखत, तिसरा उसाची चिपाडं. रसवंतीवाला ती फुकट देतो, वर आभार मानतो. ताजी मात्र भरू नका. कुजताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. बोटभर तुकडे करा, जीवामृतात भिजवा, झाकून दोनेक महिने ठेवा, पंधरवड्याला खालीवर करा. आंबूस वास गेला आणि तुकडा चिमटीत तुटला की झालं. जीवामृत घरगुती मापात: 20 लिटर पाण्याला 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन, मूठभर माती. गूळ वाढवून जीवामृत सुधारत नाही, मुंग्या सुधारतात! क्रेटला आतून जुनी साडी लावा. नायलॉनची बरं का, सुती लवकर कुजते. घरात विचारून घ्या.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलंय, तेव्हा भरभर सांगतो.

चार क्रेट घ्या, दर आठ दिवसांनी एकच पेरा. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत निघते, म्हणजे चौथा पेरून होतो तोवर पहिला काढायला येतो. चारही एकदम पेरलेत तर आठवडाभर शेजाऱ्यांना वाटा आणि पुढचे तीन आठवडे बाजारात जा. तारीख क्रेटवरच लिहा. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीची तारीख इथे पोरालाही ठाऊक, पण मेथी कधी पेरली म्हटलं की सगळे छताकडे बघतात.

पालक बुडाशी दोन बोटं ठेवून कापा, पुन्हा फुटतो. धने रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवून पेरा. उन्हाळ्यात वर शेडनेट हवंच, नाहीतर कोथिंबीर लगेच फुलावर येते.

नळ तासभरच येतो, मान्य. उन्हाळ्यात क्रेटला रोज दीडेक लिटर लागतं. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी वापरा. साबणाचं नको, नाल्याचं तर अजिबात नको. ओला क्रेट तीसेक किलो भरतो, पत्र्यावर चढवू नका. सातपूर-अंबडकडच्यांना एक सांगणं: भंगार किंवा जुन्या बॅटऱ्या फोडल्या जायच्या तिथली माती आणू नका. बॅटरीतलं शिसं मातीतून जात नाही, कितीही शेणखत घाला.

हं, विचारा प्रश्न. गुलाबाचे सोडून.