टाकीवरची निळी फुली

(दृश्य : नाशिक, मुंबई-आग्रा रस्त्यालगतचं रेडियम कटिंगचं दुकान. प्लॉटरचं पातं लाल पट्ट्यावर फिरतंय.)

रेडियमवाल्याच्या कॅटलॉगमध्ये वाघ असतो, महादेव असतो, जाळ, कवट्या, पंख. त्यातच कुठेतरी हे एक डिझाइन सापडतं : अमेरिकेच्या यादवी युद्धातलं कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांचं, लढाईचं निशाण. लाल जमीन, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत निळी फुली, फुलीला पांढरी कड आणि आत तेरा पांढऱ्या चांदण्या. बुलेटच्या टाकीवर उठून दिसतं, म्हणून खपतं. कापायला मात्र किचकट काम. थर चार : खाली लाल, त्यावर रुंद पांढरी फुली, त्यावर अरुंद निळी, शेवटी चांदण्या. चांदण्या बारीक असल्या की जास्तीचं रेडियम सोलताना त्यांची टोकं उचलली जातात. मग तेराच्या अकरा होतात, आणि गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही येत नाही.

योगायोग असा, की अकरा हाच खरा आकडा होता.

(दृश्य : जुनं निशाण, कापडाची वीण जवळून.)

१८६०-६१च्या हिवाळ्यापासून अमेरिकेच्या दक्षिणेतली राज्यं देशातून फुटू लागली. फुटलेली एकूण अकरा. केंटकी आणि मिसूरीही आपलीच, असा त्यांचा दावा. म्हणून चांदण्या तेरा. पण हा त्यांचा राष्ट्रध्वज नव्हता. पहिला राष्ट्रध्वज तीन आडव्या पट्ट्यांचा होता, आणि तिथेच घोटाळा झाला. जुलै १८६१ मध्ये बुल रनच्या लढाईत धूर दाटलेला, वारा पडलेला. काठीला लोंबणारं कापड आपलं की शत्रूचं, कळेना. म्हणून लांबून ओळखू येईल असं लढाईचं वेगळं निशाण शिवलं गेलं. ते चौरस होतं : पायदळाला ४८ इंच, तोफखान्याला ३६, घोडदळाला ३०. आज टी-शर्टवर दिसणारा लांबट आकार आरमाराच्या आणि टेनेसीच्या फौजेच्या निशाणांशी जुळतो.

हे निशाण द्वेषाचं नाही, आमच्या वारशाचं आहे, असं म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. या निशाणाखाली मेलेले कितीतरी जण साधे शेतकरी होते, त्यांच्या मालकीचा एकही गुलाम नव्हता. पणजोबाच्या कबरीवर ते लावणाऱ्याच्या मनात तेवढंच असू शकतं.

मात्र लढाई कशासाठी होती, हे त्या राज्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मिसिसिपीच्या फुटीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच गुलामगिरीशी आपली भूमिका पूर्णपणे जोडलेली असल्याचं म्हटलंय. १८६०च्या जनगणनेत अमेरिकेत गुलाम होते सुमारे साडेएकोणचाळीस लाख.

(दृश्य : पडद्यावर एकामागून एक साल.)

आता साल बघा. आमच्या मते सगळा निकाल इथे लागतो. युद्ध संपलं १८६५ मध्ये. १९४८ मध्ये काळ्यांच्या नागरी हक्कांना विरोध म्हणून डेमोक्रॅटिक पक्षातून एक गट फुटला. त्याच्या सभांत हे निशाण फडकलं. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९५६ मध्ये जॉर्जियाने ही फुली राज्याच्या ध्वजात घातली. १९६१ मध्ये युद्धाच्या शताब्दीचं निमित्त काढून साउथ कॅरोलायनाने ती विधानभवनावर चढवली. पूर्वजांची आठवण नेमकी अशाच मुहूर्तांवर यावी, हे जरा जास्तच झालं.

साउथ कॅरोलायनात २००० मध्ये ते निशाण घुमटावरून काढून आवारातल्या स्मारकापाशी लावलं. तिथल्या काठीला दोरीची कप्पी नव्हती. १७ जून २०१५ ला चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या भाविकांना गोळ्या घातल्या गेल्या. मारेकऱ्याचे याच निशाणासोबतचे फोटो बाहेर आले. घुमटावरचे ध्वज अर्ध्यावर उतरले. हे निशाण मात्र वरच राहिलं, कारण ते अर्ध्यावर आणताच येत नव्हतं, आणि हात लावायचा तर विधिमंडळाचं दोन तृतीयांश मत लागत होतं. २७ जूनला ब्री न्यूसम ही तरुणी काठीवर चढली आणि तिने ते काढून आणलं. तिला अटक झाली, निशाण पुन्हा चढलं. कायद्याने ते उतरलं १० जुलैला.

(दृश्य : दसरा. धुतलेली मोटारसायकल, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला झेंडूची माळ.)

इथे नाशिककर हमखास विचारतो, मग आपल्या स्वस्तिकाचं काय? रास्त प्रश्न. "आपलं उजवीकडे वळतं, नाझींचं डावीकडे" हे ठरलेलं उत्तर मात्र चूक आहे. १९२० मध्ये नाझी पक्षाने घेतलेलं चिन्हही उजवीकडेच वळतं. फरक मांडणीत आहे : लाल कापड, पांढरं वर्तुळ, आत काळं, तिरकं, ठिपक्यांशिवाय. जर्मनीत ते मिरवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिकायला तिकडे जाणाऱ्यांनी उंबऱ्याचं स्वस्तिकाचं स्टिकर दाराबाहेर लावण्याआधी शेजाऱ्याला ते कशाचं हे सांगावं. शेजाऱ्याला घरातलं ठाऊक नसतं.

पण दोन्हींची तुलना एका जागी अडते. स्वस्तिक नाझींच्या आधी हजारो वर्षं दारावर, कलशावर, चोपडीवर होतं आणि आजही आहे. निळ्या फुलीच्या त्या निशाणाला १८६१ आधीचं आयुष्यच नाही. मागे जायचं म्हटलं तर ते थेट युद्धात जातं.

(दृश्य : पुन्हा दुकान. हेअर ड्रायर.)

जुनं रेडियम काढताना आधी कोपरा गरम करतात. मग हळू, जवळजवळ पृष्ठभागाला चिकटूनच मागे ओढायचं. सरळ वर खेचलं की तुकडे पडतात आणि गोंद टाकीवर राहतो. राहिलेला गोंद रॉकेलच्या बोळ्याने निघतो. एवढं करूनही दोन-तीन उन्हाळे खाल्लेल्या टाकीवर आजूबाजूचा रंग उडालेला असतो. स्टिकर निघतं, पण त्याच्या आकाराचा गडद चौकोन मागे दिसत राहतो. तेवढ्यासाठी पूर्ण टाकी रंगवावी लागते.