अनुदान जास्तीचं आलं असेल तर

नमस्कार श्रोतेहो. आज संजय गांधी निराधार अनुदान योजनेबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही एका अशा अडचणीबद्दल, जी लोक शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. घरात काहीतरी बदललं, पण दिव्यांगाचं अनुदान पूर्वीसारखंच येत राहिलं. मग एक दिवस कोणीतरी म्हणतं, "सरकार हे पैसे परत मागणार." त्या दिवसापासून घरात धाकधूक सुरू होते.

या योजनेत बसायचं तर दिव्यांगत्व किमान 40 टक्के लागतं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत असावं लागतं. म्हणजे महिन्याला धड 4200 रुपयेसुद्धा नाहीत. ही मर्यादा फार तोकडी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. नवऱ्याचा पाय पोलिओनं गेलेला, आणि बायकोला हिंगण्याच्या एमआयडीसीत पॅकिंगचं काम लागलं, पगार आठ हजार. वर्षाचे झाले 96 हजार. नवऱ्याचा पाय होता तसाच आहे, औषधांचा खर्च तसाच आहे, पण कागदावर ते घर मर्यादेबाहेर गेलं. यात कोणी चोरी केलेली नाही. घर सावरायला बाई कामाला लागली, एवढंच झालं.

म्हणून माझं सांगणं असं, की घरात बदल झाला की तो आपणहून तहसील कार्यालयात लेखी कळवा. लग्न झालं, मुलगा कमावता झाला, जोडीदाराला नोकरी लागली, पत्ता बदलला, काहीही असो. साधा अर्ज लिहा, तारीख घाला, दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घ्या. "साहेबांना तोंडी सांगितलं होतं" याला पुढे काही किंमत राहत नाही. साहेबांची बदली होते, कागद फाईलमध्ये राहतो. पोच असली की तुम्ही काही लपवलं नाही, हे दाखवायला तुमच्याकडे पुरावा असतो. अर्ज दिल्यावरही पैसे येत राहिले, तर ते शक्यतो खात्यातच राहू द्या.

नोटीस आलीच, तर घाबरून कुठल्याही कागदावर सही करू नका. "एवढे भरून टाका, विषय मिटेल" असं कोणी म्हटलं, तरी आधी हिशोब मागा. लेखी मागा. कोणत्या महिन्यापासून अपात्र धरलं? कोणत्या नियमानं? कुटुंबाच्या उत्पन्नात कोणाकोणाची कमाई धरली? लग्न होऊन वेगळा राहणारा मुलगा त्यात मोजला आहे का?

हिशोबात चूक कशी होते, ते एका उदाहरणानं सांगते. दिव्यांगांचं अनुदान आधी महिन्याला 1500 रुपये होतं. ऑक्टोबर 2025 पासून ते 2500 झालं. समजा, बायको 2025 च्या जूनमध्ये कामाला लागली आणि अनुदान फेब्रुवारी 2026 पर्यंत आलं. हे झाले नऊ महिने. जून ते सप्टेंबर चार महिन्यांचे 6 हजार, ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाच महिन्यांचे साडेबारा हजार, मिळून साडेअठरा हजार. आता कोणी सरसकट 2500 नं नऊ महिने गुणले, तर साडेबावीस हजार होतात. चार हजारांचा फरक! आणि चार हजार म्हणजे या घराचं अख्ख्या महिन्याचं रेशन आणि औषधं.

दुसरी मेख पासबुकात असते. अनुदान कधी दोन-तीन महिन्यांचं एकदम जमा होतं. पासबुकावर ऑगस्टची तारीख दिसते, पण पैसे असतात एप्रिल आणि मेचे, म्हणजे बायको कामाला लागण्याआधीचे. ते तुमच्या हक्काचे आहेत, त्यांना वसुलीत धरता येत नाही. म्हणून बँकेतून पासबुक अद्ययावत छापून घ्या आणि प्रत्येक नोंदीसमोर पेन्सिलनं लिहा, हा कोणत्या महिन्याचा हप्ता. कळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात विचारा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही, आणि 30 दिवसांत उत्तर देणं कार्यालयाला बंधनकारक आहे.

बाजू मांडण्याची संधी मागणं हाही तुमचा हक्क आहे. 2014 साली रफिक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना चुकून जास्त दिलेला पगार वसूल करू नये. निकाल सरकारी नोकरांबद्दलचा आहे, निराधार योजनेला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण गरीब माणसाकडून वसुली करताना त्याच्यावर होणारा घाव बघायला हवा, हा त्यातला विचार तुमच्या उत्तरात जरूर मांडावा. रक्कम खरोखर निघत असेल, तर हप्ते पाडून मागा आणि घरखर्चाचा तपशील सोबत जोडा. भरणा फक्त सरकारी चलनानं करा आणि पावती घ्या. मोबाईलवर नंबर पाठवून "इथे टाका" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

काही जण सुचवतात, रेशनकार्ड वेगळं करून टाका, नवरा-बायको कागदावर विभक्त दाखवा. कृपा करून हे करू नका. चूल खरोखर वेगळी झाली असेल, तर गोष्ट निराळी. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 91 मध्ये फसवून लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. जो माणूस आज फक्त हिशोबात अडकला आहे, तो अशा सल्ल्यानं गुन्ह्यात अडकतो.

बहिणींसाठी थोडं वेगळं. निराधार योजनेतून दरमहा 1500 किंवा जास्त मिळत असतील, तर लाडकी बहीण योजनेचा लाभ घेता येत नाही. दोन्हीकडून पैसे येत असतील, तर आजच कळवा. आणि ज्या घरात लाभार्थी वारला आहे, त्यांनी मृत्यूचा दाखला तहसीलमध्ये द्यावा. त्यानंतर आलेले पैसे एटीएममधून काढू नयेत, मग ते तेराव्याच्या खर्चासाठी का असेना.

हे सगळं एकट्यानं करायची गरज नाही. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं, तरी मोफत वकील मिळतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यात तशी तरतूद आहे. महिलांनाही तोच हक्क आहे. आपल्या नागपुरात सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे साधा अर्ज करायचा. चालता येत नसेल, तर 15100 या क्रमांकावर फोन करा. जाताना नोटीस, पासबुक, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि शिक्का मारलेली अर्जाची प्रत सोबत न्या. उत्तर द्यायची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते. ती टळायच्या आत जा, आणि मुदत कमी पडत असेल, तर वाढवून मिळावी असा अर्ज त्याच दिवशी द्या.