हरणाऱ्या संघाकडची मोकळी जागा

पडद्यावर दिसते आहे ती चाळीस नावांची यादी एका बेसबॉल संघाची आहे, आणि हा संघ फक्त संगणकात खेळतो. प्रत्येक चेंडूचा निकाल खेळाडूंच्या गुणांकांवरून आणि संभाव्यतेच्या गणितावरून ठरतो. हा छंद जुना आहे. हॅल रिचमन यांनी १९६१ साली पत्ते आणि फाशांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ बाजारात आणला, आणि घरबसल्या संघ चालवण्याची हौस असणाऱ्यांना हक्काचे साधन मिळाले. पुढे मार्कुस हाइनझोन या जर्मन प्रोग्रामरच्या ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ने सामन्यांच्या जोडीला ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची क्रमाने निवड), करार, स्काउट (खेळाडू पारखणारे) आणि मायनर लीग (मुख्य संघाखालच्या, खेळाडू घडवणाऱ्या लीग) असा सगळा पसारा खेळणाऱ्याच्या हाती दिला. ऑनलाइन लीगमध्ये प्रत्येक संघाला एक माणूस जनरल मॅनेजर म्हणून लाभतो. लीगचा कमिशनर ठरलेल्या वेळी काही दिवसांचे सामने एकदम पुढे सरकवतो आणि मधल्या अवधीत प्रत्येकाने आपापले निर्णय नोंदवायचे असतात.

अशा लीगमध्ये तळाच्या संघाची अवस्था बिकट असते. मोठ्या पगाराचे, उतरणीला लागलेले खेळाडू, मायनर लीगमध्ये नाव घेण्याजोगे तिघेचौघे, आणि पराभवांना कंटाळून निघून गेलेला आधीचा मॅनेजर. जो हा संघ नव्याने हाती घेतो, त्याला पहिल्या दिवसापासून वाटत राहते की आपल्याकडे काहीच नाही. प्रत्यक्षात जिंकणाऱ्या संघांना सहजासहजी न परवडणारी एक गोष्ट त्याच्याकडे असते, आणि ती म्हणजे मोकळी जागा. अग्रक्रमावर असलेला संघ एकवीस वर्षांच्या मुलाला चुका करत शिकू देऊ शकत नाही, कारण त्याला आजचा सामना हवा असतो. हरणारा संघ ते करू शकतो. त्याची प्रत्येक हालचाल याच कसोटीवर पाहावी लागते, की या निर्णयामुळे खेळण्याची संधी कोणाच्या वाट्याला गेली.

बहुतेक ऑनलाइन लीग मेजर लीगचेच, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचेच, नियम वापरतात, म्हणून ते आधी नीट पाहू. चाळीस जणांची एक मुख्य यादी असते आणि त्यातले २६ जण प्रत्यक्ष सामन्यांसाठी उपलब्ध असतात. मुख्य यादीतल्या तरुण खेळाडूला मायनर लीगमध्ये पाठवताना त्याचे एक ‘ऑप्शन’ वर्ष खर्ची पडते, आणि अशी वर्षे साधारणपणे तीनच असतात. ती संपली की त्याला वेव्हर्समधून गेल्याशिवाय खाली पाठवता येत नाही. म्हणजेच इतर कोणताही संघ त्याच्यावर दावा सांगू शकतो. साठ दिवसांच्या दुखापत-यादीतला खेळाडू चाळिसात मोजला जात नाही, हे मात्र अनेक नवे मॅनेजर विसरतात आणि जागा नाही म्हणून चांगल्या मुलाला हातचे सोडतात.

आता या यादीतल्या एका नावावर थांबू. उदाहरणादाखल असा फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक) घ्या, ज्याने तिशी ओलांडली आहे, ज्याचा करार एका वर्षात संपणार आहे आणि जो अजूनही बऱ्यापैकी फटकेबाजी करतो. त्याला ठेवले तर संघ कदाचित दोनचार सामने अधिक जिंकेल आणि तरीही तळाशीच राहील. जुलैअखेरच्या ट्रेडच्या मुदतीपूर्वी त्याला स्पर्धेत असलेल्या संघाकडे पाठवले तर बदल्यात एखादा तरुण पिचर (चेंडू टाकणारा) मिळेल. पण माझ्या मते त्या ट्रेडचे खरे मोल त्या पिचरपेक्षाही फर्स्ट बेसवर रिकाम्या झालेल्या जागेत आहे. ती जागा भरायला ट्रिपल-एमधून (मायनर लीगची सर्वांत वरची पायरी; तिच्याखाली डबल-ए आणि मग हाय-ए) कोण येणार, हे ट्रेड करण्याआधीच ठरलेले असले पाहिजे. ते ठरले नसेल, तर तिथे पुन्हा एखादा स्वस्तातला जुना खेळाडू येऊन बसतो आणि आजचे मरण फक्त उद्यावर ढकलले जाते.

खऱ्या मेजर लीगमध्ये याचे लख्ख उदाहरण २०११ च्या उन्हाळ्यात घडले. ह्यूस्टन ॲस्ट्रोज त्या वर्षी १०६ सामने हरले. १९ जुलैला त्यांनी सेकंड बेसमन जेफ केपिंजरला सान फ्रान्सिस्कोकडे पाठवले आणि दुसऱ्याच दिवशी डबल-एमधून थेट आलेला एकवीस वर्षांचा होजे अल्टुवे त्या जागी उभा राहिला. अवघ्या पंधरा हजार डॉलरच्या बोनसवर करारबद्ध झालेला, चणीने लहान असलेला हा मुलगा एखाद्या विजेत्या संघात असता, तर त्याला आणखी किती काळ वाट पाहावी लागली असती कोण जाणे. २०१७ साली तो मेजर लीगच्या दोन भागांपैकी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच २०११ च्या जुलैअखेरीस ह्यूस्टनने हंटर पेन्सला फिलाडेल्फियाकडे दिले, आणि आउटफिल्डमध्ये जे. डी. मार्टिनेझला दार उघडले.

मार्टिनेझची पुढची कथा मात्र वेगळी आहे, आणि सिम्युलेशन खेळणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी असे मला वाटते. पहिल्या तीन हंगामांत त्याची कामगिरी सामान्य राहिली. २०१३ च्या हंगामानंतर त्याने आपली फलंदाजीची पद्धत मुळापासून बदलली. पण २०१४ च्या वसंतातल्या सराव सामन्यांत ह्यूस्टनने त्याला मोजक्याच संधी दिल्या आणि मार्च महिन्यात करारमुक्त केले. आदल्याच हंगामात हा संघ १११ सामने हरला होता. ज्यांच्याकडे जागेची ददात नव्हती, त्यांनी जागा नाकारली. डेट्रॉइटने त्याला घेतले, तिथे त्या वर्षी त्याने ०.३१५ ची फलंदाजीची सरासरी राखत २३ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले, आणि २०१७ मध्ये दोन संघांकडून मिळून ४५.

दिसणाऱ्या आकड्यांवर विसंबून खेळाडूला जोखण्याच्या याच मोहात खेळातला संगणक आपल्यालाही पाडतो. मेजर आणि मायनर लीगमधले स्काउट वापरतात तीच २० ते ८० ची मोजपट्टी तिथेही असते. ५० म्हणजे सरासरी दर्जा. प्रत्येक तरुणापुढे दोन आकडे दिसतात, आजची क्षमता आणि संभाव्य क्षमता. वीस वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आज ३५ वर आहे आणि त्याची संभाव्य क्षमता ६० दाखवली आहे, असे समजू. हा ६० चा आकडा म्हणजे एका स्काउटचे मत असते, आणि स्काउटची अचूकता कमी असेल तर ते मत बरेच चुकीचेही ठरते. शिवाय खेळाच्या गणितात दैवाला ठरवून वाव ठेवलेला असतो. एखाद्याची संभाव्य क्षमता काही कारण न दिसता घसरते, तर कोणा दुर्लक्षिताची अचानक वाढते. त्यामुळे या मुलाला डबल-एमध्ये चढवायचे का, हे ठरवताना मी त्या साठाकडे शेवटी पाहीन. आधी पाहीन ते त्याला मिळणारे वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) आणि त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणे). हाय-एमध्ये होमरन थोडे असले तरी चालतील, पण वॉकच्या मानाने स्ट्राइकआउट फारच होत असतील, तर वरच्या पायरीवरचे पिचर त्याला उघडे पाडतील. तो शिकण्याऐवजी खचेल, आणि क्षमतेला न झेपणाऱ्या पायरीवर ठेवलेल्या खेळाडूची वाढ खुंटण्याचा धोका या खेळातही असतोच.

पिचरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. तेवीस वर्षांचा एक डावखुरा घ्या. त्याचा फास्टबॉल वेगवान आहे, स्लायडर (वळणारा चेंडू) चांगला आहे, आणि चेंजअप (फसवा संथ चेंडू) अजून कच्चा आहे. दोनच भरवशाच्या चेंडूंवर स्टार्टर (सामना सुरू करून बराच वेळ चेंडू टाकणारा पिचर) म्हणून टिकता येत नाही, कारण तोच बॅटर सामन्यात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा समोर येतो. स्पर्धेतला संघ त्याला आजच बुलपेनमध्ये (सामन्यात मध्येच येणाऱ्या पिचरांच्या ताफ्यात) नेऊन एकेका इनिंगपुरता वापरेल, आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तळाच्या संघाने मात्र त्याला दर पाच दिवसांनी चेंडू देत राहावे, तिसऱ्या चेंडूची वाट पाहावी, धावा गेल्या तर जाऊ द्याव्यात. बुलपेनचा रस्ता पुढेही खुला राहतो. स्टार्टर घडवायची वर्षे एकदा गेली की परत येत नाहीत.

मोकळ्या जागेचा सर्वांत धीट उपयोग ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्टमध्ये होतो. अठरा किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेला खेळाडू पाच हंगामांनंतर, आणि त्याहून मोठा असलेला चार हंगामांनंतरही चाळिसांच्या यादीत नसेल, तर दुसरा संघ त्याला उचलू शकतो. अट एवढीच, की पुढचा पूर्ण हंगाम त्याला मेजर लीगच्या संघातच ठेवावे लागते. नाहीतर तो मूळ संघाला परत देऊ करावा लागतो. १९५४ साली त्या हंगामात १०१ सामने हरलेल्या पिट्सबर्गने याच मार्गाने ब्रुकलिनकडून रोबेर्तो क्लेमेन्टेला मिळवले. डिसेंबर १९९९ मध्ये ह्यूस्टनच्याच मायनर लीगमधल्या योहान सान्ताना या पिचरला फ्लोरिडाने उचलले आणि लगेच मिनेसोटाकडे दिले. २००० च्या हंगामात नऊ इनिंग्जमागे त्याच्या नावावर ६.४९ धावा लागल्या. अशा आकड्याचा पिचर वर्षभर सांभाळणे कोणत्याही जिंकणाऱ्या संघाला परवडले नसते. मिनेसोटा त्या वर्षी ९३ सामने हरले, आणि म्हणूनच त्यांना ते जमले. २००४ आणि २००६ मध्ये सान्ताना सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराचा मानकरी झाला.

हरत राहिल्याने ड्राफ्टमध्ये आपोआप हिरे मिळतात, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. २०१३ साली ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर मार्क ॲपेल या पिचरला निवडले आणि दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला. ब्रायंट २०१६ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ॲपेलला मेजर लीगमधला पहिला सामना खेळायला २०२२ साल उजाडले. आता तर पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरतात, आणि शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरूनही नियमांमुळे २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर गेले. ज्या लीगने हा नियम स्वीकारला आहे, तिथे मुद्दाम हरण्याचा हिशेब जुळत नाही.

वेव्हर्सवर मात्र तळाच्या संघाचा हक्क वरचा असतो, आणि तो रोज वापरता येतो. ज्याची ऑप्शन वर्षे संपली आहेत, ज्याला वरच्या संघात जागा उरलेली नाही, असा चोविशीतला खेळाडू ट्रेडच्या मुदतीच्या सुमारास हमखास सुटतो. त्याच्यावर दावा सांगायला यादीत एक नाव कमी करावे लागते. खरी मेहनत इथेच आहे: ते नाव आदल्या रात्रीच ठरवून ठेवणे.

नोव्हेंबरच्या मध्यावर हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. ‘रूल फाइव्ह’पासून ज्यांना वाचवायचे आहे त्यांची नावे चाळिसात घालण्याची ती अखेरची मुदत असते. पडद्यावरच्या या यादीत तो डावखुरा पिचर नक्की जाईल. हाय-एमधला शॉर्टस्टॉप अजून पात्रतेच्या वर्षांत आलेला नाही, म्हणून त्याच्यावर जागा खर्च करायची नाही आणि त्याची ऑप्शन वर्षेही शाबूत ठेवायची. सामान्य बॅकअप कॅचर आणि दोन जुने रिलीव्हर (बुलपेनमधले पिचर) वगळले, तर तीन जागा उरतात. त्यांपैकी एक डिसेंबरच्या ड्राफ्टसाठी रिकामीच ठेवायची, कारण निवडीचा क्रम गुणतक्त्याच्या उलटा असतो आणि पहिली हाक याच संघाची असणार आहे.