तिथीची पाऊणपट

मंडळी, सकाळच्या फिरण्यावर बोला असं सांगितलंत, तेव्हा आयोजकांच्या मनात बहुधा गुडघे, साखर आणि रक्तदाब असणार. ते डॉक्टर सांगतातच. आठवड्याला दीडशे मिनिटं चाला, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. आमच्या घोळक्यात बोलणं थांबतच नाही, त्यामुळे निम्म्या परीक्षेत आम्ही रोज पास. मला बोलायचंय ते वेगळं. अलिबागेत फिरायला जाणाऱ्याला पंचांग का लागतं, ते.

आपल्याकडे घड्याळ फक्त उठण्यापुरतं. जायचं कुठे, ते समुद्र ठरवतो. हिशेब जुना आहे, कोळीवाड्यात पोराटोरांनाही ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. दिवसा आणि रात्री दोन्हीकडे तीच वेळ, आणि प्रत्येक भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पुनवेला, अवसेला सकाळी सहाच्या सुमाराला पाणी पार ओसरलेलं आणि ओली, कडक पुळण थेट समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यापर्यंत. अष्टमीला त्याच वेळी त्याच जागी पाणी. त्यातही अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. भांगाच्या ओहोटीलाही किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहतं. त्या दिवसांत मुकाट्याने रस्ता धरायचा.

आता खरी गंमत ऐका. चतुर्दशीच्या सकाळी सहा वाजता किनाऱ्यावर उभे राहा आणि तृतीयेच्या सकाळी सहा वाजता उभे राहा. समोरची पुळण जवळजवळ सारखीच दिसते. पण चतुर्दशीची ओहोटी साडेचारलाच होऊन गेलेली असते; पाणी परतीला लागलेलं असतं. तृतीयेला ते अजून आठ वाजेपर्यंत ओसरणार असतं. तृतीयेच्या सकाळी किल्ल्यात जाऊन सिद्धिविनायकाचं दर्शन घेऊन, गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी गप्पा मारून आरामात यावं. चतुर्दशीच्या सकाळी तेवढंच केलंत तर परतताना चपला हातात आणि पाणी कमरेला. पुढचं पाणी ओढतं, हसण्यावारी नेऊ नका. एकटा माणूस नुसतं बघून हे ओळखू शकत नाही. त्यासाठी घोळका लागतो, आणि घोळक्यात तिथी लक्षात ठेवणारा एक तरी.

आमच्यात तो एक म्हणजे मासेमारीतून निवृत्त झालेले एक काका. चालतात सगळ्यांत हळू. वाद घालत नाहीत. राजकारणावर आम्ही पुढे तावातावाने बोलत असतो, आणि मागे वळून बघावं तर काका गावाकडे तोंड करून निघालेले. बस्स. सगळे वळतात. ‘चला’ म्हणायचीही गरज पडत नाही.

किल्ल्याबद्दल फार सांगत नाही, तुम्ही सगळे इथलेच. शिवरायांनी 1680 साली काम सुरू करायला सांगितलं, संभाजीराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाचे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेत. लाट आदळते, फटींतून शिरते आणि जोर हरवून बसते. पाहुण्यांना घोडागाडीतून पाच मिनिटांत उरकतात. बघायचाच असेल तर पायी आणि पहाटे जावं. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळचं ऊन सुरूच्या झाडांमागून येतं आणि सावल्या आपल्या पुढे चालतात. सूर्यास्ताच्या गर्दीला हे ठाऊकच नाही.

रस्त्याच्या दिवसांचं दुःख मानू नका. हिराकोटाच्या तुरुंगावरून, चुंबकीय वेधशाळेवरून एक छान फेरी होते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून 1904 साली ते काम इथे हलवलं. इथल्या वेधशाळेच्या भिंतीपाशी आमच्यातल्या निवृत्त गुरुजींचं व्याख्यान दर वेळी नव्याने होतं. तेच व्याख्यान, पण ऐकायचं. हिवाळ्यात मात्र त्यांचं कुणी ऐकत नाही. तेव्हा विषय एकच, यंदाची पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची मेजवानी, कुणाच्या वाडीत आणि भांबुर्डीचा पाला कोण आणणार. फाल्गुनात रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा लागतात. 2022 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्यातले दोघे भाव करताना जास्तच अडून बसतात.

उद्या दशमी. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सहाला पाणी चढतं. किल्ला नाही, रस्ता. ज्यांना यायचंय त्यांनी बूट घालून या, सहाला पाच कमी असताना. काका वेळेवर निघतात.