जमिनीवरची पावलं

मघाशी आत येताना एक आजी फरशीवर चिकटवलेली ही पावलं चुकवत कडेकडेनं आल्या. बरोबरच आहे. आपल्याकडे जमिनीवर पावलं दिसली की ती गौरीची. उंबऱ्यापासून आतवर रांगोळीनं काढलेली, पुसली जाऊ नयेत म्हणून जपलेली. ही मात्र पाय देण्यासाठीच आहेत, आणि वॉल्ट्झ या जोडीनं करायच्या पाश्चात्त्य नाचाची आहेत.

असल्या पावलांना घरोघरी पोचवलं अमेरिकेतल्या आर्थर मरी यांनी. १९२० च्या दशकात ते चक्क टपालानं नाच शिकवत. पाकिटातून पावलांचे नकाशे यायचे. डावं-उजवं, आकडे, बाण. चारचौघांत पाय अडखळण्यापेक्षा घरच्या दिवाणखान्यात अडखळावं, असं वाटणाऱ्या लाजाळू माणसांची मोठीच सोय झाली.

मग अडतं कुठे? कुणीतरी उठा बरं. हां, तुम्ही. डावा पुढे, उजवा बाजूला, डावा उजव्याजवळ. एक, दोन, तीन. आता दोन्ही पाय शेजारी आहेत. चार म्हटल्यावर कुठला उचलाल?

बघा, डावाच उचललात! उजवा मागे जायला हवा होता. चूक तुमची नाही. नकाशात दोन पावलं शेजारीशेजारी असतात, पण अंगाचं वजन कुठल्या पायावर आहे ते चित्रात दिसत नाही. तिसऱ्या मात्रेला डावा नुसता टेकवला तर तो मोकळाच राहतो. त्यावर वजन टाकलं तरच उजवा सुटतो. शिकणारे बहुतेक इथेच अडकतात, आणि पाठांतर कच्चं राहिलं असं समजून आकडे आणखी मोठ्यानं म्हणू लागतात.

वेळेचंही तसंच. आकडा क्रम सांगतो, पाऊल किती वेळ टिकवायचं ते सांगत नाही. फॉक्सट्रॉट या दुसऱ्या नाचात दोन पावलं संथ, दोन चटचट. कागदावर चारही सारखी. या बाबतीत १७०० साली पॅरिसमध्ये राऊल-ओजे फये यांनी छापलेली नृत्यलिपी जास्त शहाणी होती. तीत नाचणाऱ्याची वाट रेघेनं काढलेली असे, संगीताचे खंड त्या रेघेवर आडव्या खुणांनी दाखवत, आणि पानाच्या माथ्यावर गाण्याची चालही लिहिलेली असे. वाचायला अवघड, हे कबूल.

माझा रिवाज असा. पहिल्या दिवशी सगळी पावलं, डावी लाल, उजवी निळी. दुसऱ्या दिवशी या पावलांनी जो चौकोन होतो त्याचे फक्त चार कोपरे. तिसऱ्या दिवशी कोरी फरशी. मुलं कुरकुरतात. पण खाली बघून नाचणाऱ्याची मान वाकते, मानेपाठोपाठ खांदे येतात, आणि समोरचाही खालीच बघत असला तर कपाळावर कपाळ. एका लग्नाच्या तालमीत नवरदेवाला टेंगूळ आलं होतं, खोटं नाही सांगत.

तर आता ही चिकटवलेली पावलं काढू या. आजी, तुम्ही पुढे या. तुम्हाला तशीही त्यांची सवय लागलेली नाही.